उंब्रजच्या किसनचं घड्याळ

घड्याळ ओळखायचं असेल तर आधी त्याच्या तोंडाकडे बघू नये. तबकडीवरचं नाव पुसून दुसरं छापून देणारे कारागीर मुंबईत गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांचं काम इतकं नेटकं असतं की खऱ्या नावापेक्षा खोटंच जास्त ठसठशीत दिसतं. म्हणून घड्याळ आधी तळहातावर घ्यावं. वजन बघावं. मग कानाशी धरावं. चांगल्या स्विस मशीनची टिकटिक कोरडी आणि सारखी येते. आतलं तेल सुकलं असेल तर ती पाय ओढत चालल्यासारखी येते. नंतर पट्टा अडकतो ती चार टोकं भिंगाखाली बघावीत. मनगटाला आणि बाहीला घासून सोन्याचं पाणी तिथलंच आधी जातं आणि खालचं पितळ डोकावतं. एवढं झालं की मागचं झाकण उघडावं.

तीस वर्षं मी हे करतो आहे. आधी साताऱ्यात मामांच्या दुकानात, नंतर सांगलीत माझ्या स्वतःच्या. मान कायमची पुढे आली आहे, उजव्या डोळ्याने लांबचं धूसर दिसतं. घड्याळाची पारख करून किंमत लिहून देण्यात माझं नाव बरं आहे. माझा कागद मुंबईचे व्यापारीही मानतात. या गोष्टीचा मला अभिमान वाटायला हवा, आणि थोडा वाटतोही, पण तो वाटला की लगेच दुसरं काहीतरी आठवतं.

धंद्यातले चार गमतीचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं. गमतीचा एक आहे, तो लिहून मोकळा होतो. महाबळेश्वरच्या एका बंगल्यावरचा खानसामा माझ्याकडे आला होता. त्याचा साहेब देश सोडून गेला आणि जाताना त्याला मनगटातलं घड्याळ बक्षीस देऊन गेला. रुमालाच्या चार घड्यांतून ते बाहेर काढून तो म्हणाला, "प्युअर गोल्ड आहे. स्विस. बोला किंमत." स्विस होतं, सोनं नव्हतं. मी भिंग त्याच्या डोळ्याला लावून पितळ दाखवलं. त्याने भिंग पुसून पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे बावीस वर्षं माझ्या हातचं जेवून साहेबानं मला फसवलं?" मी म्हटलं, "साहेबालाही कुणीतरी फसवलंच असेल की." त्यावर त्याचा चेहरा खुलला. "मग ठीक आहे," म्हणाला, आणि घड्याळ मनगटावर चढवून गेला.

गमतीचं एवढंच. दुसरं जे आहे ते मी आजवर बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

मामांच्या दुकानात दोन रीती होत्या. पहिली अशी, की विकलेल्या घड्याळाच्या पावतीवर फक्त मशीनचा नंबर लिहायचा. मशीन म्हणजे आतला सगळा चालता भाग. केस म्हणजे बाहेरची धातूची डबी, काच, तबकडी, पट्टा ही सगळी वरची कापडं, असं मामा म्हणत. ती बदलतात, मशीन बदलत नाही. दुसरी रीत सगळ्याच घड्याळवाल्यांची असते. हातातून गेलेल्या घड्याळाच्या झाकणाच्या आत सुईने बारीक खूण कोरायची. पुढे कधी ते परत आलं तर आपण याला हात लावला होता हे कळतं. मामांची खूण म्हणजे लहानशी चंद्रकोर. मी काम केलेलं असलं की त्या कोरीखाली एक आडवी रेघ. भिंगाशिवाय ती दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाला ती असते हेही ठाऊक नसतं.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उंब्रजचे दादबा त्यांच्या मुलाला घेऊन दुकानात आले. मुलगा किसन, पलटणीत होता, रजेवर आला होता आणि रजा संपली की बोटीवर चढणार होता. नुकतंच लग्न झालेलं. सून सगुणा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आत आली नाही. दादबांनी गूळ चांगल्या भावाने घातला होता आणि मुलाला घड्याळ घ्यायचं त्यांच्या मनात होतं.

मामांनी जाडजूड, पोलादी, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची घड्याळं पुढे मांडली. किसनने ती बाजूला सारली आणि कपाटातल्या एका पातळ घड्याळाकडे बोट दाखवलं. ते पोशाखी घड्याळ होतं. पोशाखी म्हणजे सदऱ्याच्या कफाखाली सहज सरकावं असं पातळ, दोनच काटे, सेकंदकाटा नाही. लग्नाकार्यात आणि कचेरीत मिरवायची वस्तू. जुनं होतं, केस रोल्ड गोल्डची, म्हणजे पितळेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेली होती, पण मशीन उत्तम.

मामा म्हणाले, "अरे, हे लढाईचं घड्याळ नव्हे. धूळ, पाणी याला सोसायचं नाही."

"लढाई काय रोज असती व्हय मामा?" किसन हसत म्हणाला. "सुट्टीवर आल्यावं घालाया बी कायतरी पायजे की." आणि दाराकडे वळून त्याने ते सगुणेला दाखवलं. तिने मान डोलावली. तेवढ्यावर सौदा ठरला.

दादबा मला भाचेराव म्हणत, कारण मी मामांचा भाचा. घड्याळ कानाशी धरून ते म्हणाले, "भाचेराव, ह्यात काय किडाबिडा बसलाय व्हय? लय बडबडतंय." पावती झाली. मशीन नंबर चार-एक-सात-दोन-तीन. साफ करून, तेल घालून आठ दिवसांनी न्यायचं ठरलं.

त्या आठ दिवसांत मामा वाईला एका लग्नाला गेले आणि दुकान माझ्यावर होतं. सांगलीचे एक वकीलसाहेब आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचंही पोशाखी घड्याळ साफसफाईला आलेलं. अठरा कॅरट सोन्याची केस, जिनिव्हाचं भारी नाव. मी ते उघडून मशीन बाहेर काढलं आणि माझ्या हातून ते निसटलं. मेजावरून खाली फरशीवर. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे फिरून घड्याळाचा ठेका धरणाऱ्या चाकाची दांडी केसाएवढी बारीक असते, तिचं टोक मोडलं. दांडी मागवायची तर मुंबईत. आणि लढाईमुळे मुंबईतही मिळेना. वकीलसाहेब परवा येणार होते.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते. स्वित्झर्लंडात कच्ची मशीनं बनवणारे कारखाने वेगळे आणि त्यांवर आपलं नाव घालून विकणारे वेगळे. एकच मशीन भारी नावाखाली सोन्याच्या केसमध्ये बसतं आणि हलक्या नावाखाली रोल्ड गोल्डमध्ये. किसनच्या घड्याळातलं आणि वकीलसाहेबांच्या घड्याळातलं मशीन तंतोतंत एक होतं. फरक फक्त नंबराचा.

मी किसनचं मशीन काढून सोन्याच्या केसमध्ये घातलं, वर वकीलसाहेबांची तबकडी आणि काटे बसवले. मोडक्या मशीनला मी हाताने दांडी घासून बसवली आणि ते किसनच्या केसमध्ये गेलं. चालत होतं, एवढंच म्हणता येईल. झाकणाच्या आत चंद्रकोर आणि रेघ कोरली. पावती आधीच झालेली होती, ती तशीच राहिली.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहायलाच हा कागद घेतला आहे. मनात आलं, हा तर लढाईवर चाललाय. हे घड्याळ पुन्हा उघडायला येतंय कुठं.

किसन आला, घड्याळ घालून गेला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

दोन वर्षांनी दादबा एकटे दुकानात आले. हातात कापडात बांधलेला लहान डबा आणि आमची पावती. इटलीत किसनची लॉरी पेटली, त्यात तो गेला, असा पलटणीचा कागद आला होता. मागोमाग त्याच्या सामानाचं पार्सल आलं. एक कमरेचा चामड्याचा पट्टा, एक आरसा आणि हे घड्याळ. घड्याळाची काच फुटलेली, तबकडी धुराने काळी, मनगटाचा पट्टा भलताच.

"मामा," दादबा म्हणाले, "लॉरीत सा जन हुते म्हनं. वळखू आलं न्हाईत. कुनाचं सामान कुनाच्या नावावं पडलं, कोन बघायला गेलंय? शाळंचं मास्तर म्हनलं, पावतीवर नंबर हाय, त्यो जुळवून आना. न्हाई जुळला तर दुसराच कुनीतरी गेलाय आन् आपला किसन धरला गेलाय. लय जन धरल्यात म्हनं तकडं." त्यांनी डबा मेजावर ठेवला. मग म्हणाले, "तेवढं बघा."

मामांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "वसंता, बघ."

मी झाकण उघडलं. भिंगाखाली चंद्रकोर होती आणि खाली माझी रेघ. काजळी तिच्या आत जाऊन बसल्यामुळे उलट ठळक दिसत होती. मशीनचा नंबर अर्थातच पावतीचा नव्हता.

"जुळतोय का?" मामांनी विचारलं.

"नाही."

इथपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो. मग मामांनी विचारलं, "आणि खूण? आपली खूण आहे का आत?"

दादबा माझ्या तोंडाकडे बघत होते. खूण आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मामांचा आला असता, मग मशीन वेगळं कसं. आणि मग वकीलसाहेब, आणि मग मला दुकानातून हात धरून बाहेर. नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं की म्हाताऱ्याची आशा मोडवेना म्हणून मी तसं बोललो. ते नंतर सुचलं. तेव्हा फक्त मामांची भीती होती.

"खूण नाही," मी म्हटलं.

मामा म्हणाले, "दादबा, मग हे आमच्या दुकानातलं घड्याळ नव्हे."

दादबांनी पावती घडी करून खिशात घातली, डबा उचलला आणि निघून गेले. अर्ध्या तासाने परत आले ते पेढ्यांची पुडी घेऊन. मामांना पेढा दिला, मला दिला. मी खाल्ला. मामा म्हणाले, "दादबा, एवढ्यात गोड नका वाटू. नंबर जुळला नाही एवढंच झालंय." दादबा म्हणाले, "तेवढं लय झालं मामा. रात्री सगुना जेवंल तरी."

उंब्रजला गेल्यावर त्यांनी मास्तरांकडून पलटणीला पत्र लिहवलं, की हे घड्याळ आमच्या मुलाचं नाही, ज्याचं असेल त्याच्या आईबापांस द्यावं, त्यांचा जीव टांगणीला असेल. आणि घड्याळ परत पाठवून दिलं. पेन्शनीचे कागद आले त्यांवर अंगठा द्यायला त्यांनी नकार दिला. सगुणेला सांगितलं, तू कुंकू लाव. किसनची घरात असलेली ती एकच वस्तू माझ्या एका शब्दावर परक्यांकडे गेली.

लढाई संपली. कैद झालेले शिपाई परत येऊ लागले. दादबा गाडीतळावर जाऊन उतरणाऱ्या शिपायांना विचारत आणि परत जाताना दुकानात डोकावत. पुढे मामा गेले, मी सांगलीत दुकान टाकलं. दादबा हळद घेऊन सांगलीच्या पेठेत येत, तेव्हा माझ्याकडे येऊन बसत. बसल्यावर पाणी पीत आणि दर वेळी तेच विचारत.

"भाचेराव, आपल्या नंबराचं घड्याळ आलं का कुठं नजरंला? किसन अडचनीत आसंल तर घड्याळच इकंल आधी. तुमच्याकडं चारी मुलखाची घड्याळं येत्यात. चार-एक-सात-दोन-तीन. ध्यानात हाय न्हवं?"

"ध्यानात आहे," मी म्हणायचो.

ते मशीन दर वर्षी माझ्याच मेजावर येत होतं. वकीलसाहेब आता माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर राहत. दर वर्षी मी झाकण उघडायचो, नंबर बघायचो, तेल घालायचो, बंद करायचो. इतकं चांगलं चालणारं मशीन माझ्याकडे दुसरं येत नसे.

पार्सल आलं त्याला अशी पाच वर्षं झाली. एके दिवशी वकीलसाहेब घड्याळाची किंमत लिहून घ्यायला आले. धाकट्या जावयाला ते घड्याळ द्यायचं होतं, आणि थोरला रुसू नये म्हणून त्याला तेवढ्याच किमतीची वस्तू घ्यायची होती. असल्या घड्याळाची किंमत कशी धरतात तेही सांगतो. सोनं वितळवून किती येईल ती तळाची किंमत. तिच्यावर नावाचे पैसे. तबकडी मूळची असेल तर चढती, नव्याने रंगवलेली असेल तर उतरती. मशीनला गंज नसेल, भाग बदललेले नसतील तर आणखी. केसचा आणि मशीनचा नंबर कागदावर लिहावाच लागतो. मी खोटा लिहिला असता तरी पुढे कुणी घड्याळ उघडलं की माझा कागद खोटा ठरला असता. खरा लिहिला.

मी लिहीत असताना दादबा आले आणि नेहमीसारखे बाकावर टेकले. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि कागद घडी करून वकीलसाहेबांच्या हातात द्यावा असं मनात आलं. पण वकीलसाहेबांना कुठलाही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय खिशात घालता येत नसे. चष्मा चढवून त्यांनी सुरुवात केली.

"एक पोशाखी मनगटी घड्याळ, स्विस. अठरा कॅरट सोन्याची केस. काटे दोन. तबकडी मूळची. मशीन पंधरा ज्वेलचं, नंबर चार, एक, सात, दोन, तीन."

"थांबा," दादबा म्हणाले. "पुन्यांदा म्हना."

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचं यात काय काम?"

"आवं म्हना तर खरं. नंबर म्हना."

त्यांनी पुन्हा वाचला. दादबांचे ओठ बरोबर हलत होते. ते उठले, पटका नीट केला आणि वकीलसाहेबांपुढे हात जोडून उभे राहिले.

"सायेब, ह्ये तुमास्नी कुनी इकलं?"

"विकलं? माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलं हे."

"आसं कसं हुईल? नंबर आमचा हाय. माज्या किसनानं इकलं आसंल. त्येला काय अडचन आसंल. मी रागवनार न्हाई, तुमचं घड्याळ बी मागनार न्हाई. फकस्त एवढं सांगा, कसा हुता त्यो? दाढी वाढली हुती का? लंगडत हुता का?"

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "वसंतराव, हा काय प्रकार आहे?"

दोन-तीन उत्तरं तोंडाशी तयार होती. पावतीवर आकडा चुकला असेल. एकाच नंबराची दोन मशीनं निघतात कधी कधी. दादबांनी मानलं असतं. त्यांनी माझं सगळंच मानलं होतं. पण दाढी वाढली होती का, या प्रश्नानंतर मला ती उत्तरं उचलवेनात. मी खरं बोललो ते धीट होतो म्हणून नव्हे. मी थकलो होतो.

"दादबा, मशीन मी बदललं," मी म्हटलं. "किसनच्या घड्याळातलं काढून साहेबांच्या घड्याळात घातलं. तो बोटीवर जायच्या आधी."

वकीलसाहेबांना आधी कळलं. "म्हणजे माझं मशीन..." असं ते म्हणाले, आणि दादबांकडे बघून त्यांनी चष्मा उतरवला.

दादबांना वेळ लागला. "मग पार्सलातलं?"

"ते किसनचंच होतं. झाकणाच्या आत आमची खूण होती."

"तवाच दिसली हुती?"

"हो."

"नीट दिसली हुती?"

"नीट दिसली होती."

ते बाकावर बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांनी तो बघितला नाही. पटक्याची घडी चाचपत स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "त्ये तर आमी परत धाडलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी काढू का म्हनली हुती बांगड्या. म्या म्हनलं, खबरदार. पाच वर्सं म्हनतूय. आता ह्या तोंडानं तिला काय सांगू? तुमी या. तुमीच सांगा."

"गुरुवारी येतो," मी म्हटलं.

दादबा गेले. वकीलसाहेबांनी घड्याळ उचललं, कागद मेजावरच ठेवला. ते परत माझ्या दुकानात आले नाहीत आणि गावात कुणाशी काही बोललेही नाहीत. मला आजही कळलेलं नाही त्यांनी मला का सोडलं.

गुरुवारी मी साताऱ्याच्या सर्व्हिस गाडीत बसलो. उंब्रज आलं. कंडक्टरने नाव पुकारलं, तीन माणसं उतरली. मी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसून राहिलो. साताऱ्याला जाऊन मामांच्या बंद दुकानापुढे उभा राहिलो आणि संध्याकाळच्या गाडीने पुन्हा उंब्रजवरून परत आलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी गाडीत बसलोच नाही.

त्यानंतर चार दिवसांनी सगुणा आली. बरोबर गावचे शाळामास्तर. ते पायरीवर थांबले, ती या वेळी आत आली. तिला मी ओळखलं नाही, तिनेच आपण कोण ते सांगितलं. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर. तिशीही झाली नसेल.

"भाऊ, मामंजी तुमच्याकडनं आल्यापास्नं कुनासंगं बोलत न्हाईत," ती म्हणाली. "भाकरी पुढं ठेवली की माज्याकडंच बघत ऱ्हात्यात. कायबी इचारलं तर सांगलीला इचार म्हनत्यात. म्हनून आले."

मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दांडी मोडली तिथपासून पेढ्यापर्यंत. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं निघालं नसतं. तिने एकदाही मान वर केली नाही. संपल्यावर विचारलं, "खूण कशी असती?"

मी कागदावर चंद्रकोर काढली, खाली रेघ ओढली. तिने त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली.

मास्तर आत आले. त्यांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. हलक्या आवाजात म्हणाले, "आता एवढं तरी करा. पार्सलातलं घड्याळ तुमच्याच दुकानातून किसनला विकलेलं, असं सहीनिशी लिहून द्या. दादबांच्या पत्रामुळे कागद अडलेत, ते हलतील. आणि तारीख मागची घाला, दादबा साताऱ्याला आले होते त्या दिवसाची. तुम्ही तेव्हाच लिहून दिलं होतं असं होईल. पोरीला तेव्हापासूनची पेन्शन मिळेल."

मला ते बरोबर वाटलं. त्या दिवशी जे लिहायचं ते त्या दिवसाखाली लिहून टाकावं, निदान कागदावर तरी मी खरं बोललेला दिसेन. हा विचारही माझ्यापुरताच होता हे आता कळतं. मी टाक बुडवला.

"मागची नगं," सगुणा म्हणाली.

मास्तर म्हणाले, "अगं पोरी, पाच वर्षांचे पैसे..."

"ऱ्हाऊं द्या मास्तर." तिने कागदावरचं बोट उचललं. "आजची घाला भाऊ. आजपत्तोर मी सवाशीन हुते. दर नागपंचमीला बांगड्या भरल्या, पोरींच्या वट्या भरल्या, बायांनी मला हाळदीकुक्कू लावलं. त्ये समदं खोटं हुतं आसं कागदावं नगं."

मी लिहिलं. एक पोशाखी मनगटी घड्याळ, रोल्ड गोल्ड, झाकणाच्या आत आमची खूण, उंब्रजच्या किसन दादबा यांस विकलेलं आणि मी स्वतः ओळखलेलं. मशीन मी बदलल्याचंही लिहिलं. तिने ते मास्तरांकडून एकदा वाचून घेतलं. खाली मी त्या दिवसाची तारीख घातली. शाई वाळेपर्यंत ती उभी राहिली, मग कागद घडी करून कमरेला खोचला.

गाडीला अजून दोन तास होते. मास्तर म्हणाले, "इथंच सावलीला बसू या का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पेठंतनं चालत जाऊ."

ती पायरी उतरली. बाजाराचा दिवस होता, पेठेत बायकांची गर्दी होती. पदर सारखा करून, कपाळावर तेच कुंकू घेऊन, ती त्या बायकांमधून सावकाश चालत गेली. मास्तर पुढे जाऊन दोनदा थांबले, तिने घाई केली नाही.